वाकोल्याहून निघालेली वाट

१९९० साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ निघू लागलं, तेव्हा ते उघड्यावर मांडून विकणारे स्टॉलवाले बोटांवर मोजण्याइतके होते. समलिंगी माणसांनी समलिंगी माणसांसाठी काढलेलं हे नियतकालिक. त्याच्यामागे अशोक राव कवी हे पत्रकार होते. १९८६ मध्ये ‘सॅव्ही’ मासिकाच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं त्यांनी नाव आणि चेहरा न लपवता सांगितलं होतं. त्या काळात असं सांगणारं जवळजवळ कोणीच नव्हतं. अंकाकडे देशभरातून पत्रं येत. एखादं पत्र वाचून दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाला कळे की आपल्यासारखा आणखी कोणीतरी आहे, त्यालाही हेच प्रश्न पडतात.

या पत्रव्यवहारातूनच संस्थेची गरज पुढे आली. अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना केली. आज ही देशातल्या जुन्या आणि मोठ्या एलजीबीटी संस्थांपैकी एक आहे. तिची वाटचाल मी इथे मांडतो आहे ती गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरच्या बाजूने बघून. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते आणि सुमारे हजार किलोमीटर कापून मुंबईला पोचते. महाराष्ट्र एक्सप्रेसही गोंदियाहूनच निघते आणि पुण्यावरून कोल्हापूरला जाते. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी आपल्या जगण्याचं उत्तर या गाड्यांच्या डब्यात शोधलं आहे. गाव सोडायचं, मोठ्या शहरात नोकरी धरायची, लग्नाचा विषय टाळत राहायचा. सण आला की दोन दिवस यायचं आणि परत जायचं. ज्यांना हे जमत नाही ते इथेच राहतात, इथेच कामाला लागतात. हमसफरच्या तीन दशकांच्या कामाचा किती भाग त्यांच्यापर्यंत पोचला, या प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवलं.

सुरुवातीची पुंजी फार थोडी होती. गाठीभेटी व्हायच्या त्या घरांमधून, ओळखीच्या आडोशाने. मग सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात, नेहरू रोडवर, महापालिकेच्या जुन्या इमारतीत संस्थेला जागा मिळाली. या घटनेचं मोल समजायचं तर तेव्हाचा कायदा आठवावा लागतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ समलिंगी संबंधांना लागू होतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होती. कायद्याने ज्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्याच संस्थेला एका महापालिकेने छप्पर दिलं. कारण होतं एचआयव्ही. मुंबईत साथ वाढत होती आणि समलिंगी पुरुषांपर्यंत सरकारी दवाखाना पोचत नव्हता. दवाखान्यात खरं बोलायची सोय नव्हती, आणि खरं न बोलता उपचार होत नव्हते. शीव रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाशी हमसफरचं नातं जुळलं ते याच अडचणीतून. डॉ. हेमा जेरजानी यांच्यासारख्या डॉक्टरांनी या माणसांना रुग्ण म्हणून नीट वागवलं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

या टप्प्यावरचे अहवाल वाचणाऱ्याला निरोध, तपासण्या, समुपदेशन यांचे आकडे दिसतात. मला त्यात एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. या कामासाठी माणसं लागली, आणि ती समूहातूनच घ्यावी लागली. क्षेत्रकार्यकर्ते, समुपदेशक, हिशेबनीस, दवाखान्यातले मदतनीस. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी कुठेतरी नोकरी केली होती आणि ती चालण्यावरून, बोलण्यावरून किंवा कोणीतरी केलेल्या चहाडीवरून गमावली होती. वाकोल्याचं ते कार्यालय त्यांच्यासाठी आयुष्यातली पहिली अशी कामाची जागा ठरलं, जिथे सोमवारी सकाळी ‘रविवारी काय केलंस’ या साध्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यावं लागत नव्हतं. अशा भेदभावाविरुद्धचा कायदा देशात कुठेच नव्हता, तेव्हा संस्थेने आपल्या चार भिंतींत तो पाळून दाखवला.

भिंतींबाहेर मात्र भीतीचा धंदा जोरात होता. बागेत, स्टेशनवर ओळख काढायची, गाठायचं आणि पैसे उकळायचे. त्यात पोलीसही असत, पोलिसांचं नाव सांगणारे भामटेही असत. धमकीची वाक्यं ठरलेली असत: घरी सांगू, ऑफिसात सांगू. तुरुंगापेक्षा या दोन वाक्यांना माणूस जास्त घाबरे. घर गेलं तर राहायचं कुठे आणि नोकरी गेली तर खायचं काय, हा त्यातला सरळ हिशेब होता. अशा प्रकरणांत मदतीला धावून जाणं हे संस्थेचं नेहमीचं काम होऊन बसलं. कलम ३७७ खाली प्रत्यक्ष शिक्षा फार थोड्यांना झाली. पण नोकरी जाण्याच्या धाकाने त्या कलमाने किती जणांना लुबाडलं, त्याची नोंद कोणत्याही कोर्टाच्या दप्तरात सापडणार नाही.

काम करणाऱ्यांनाही हा कायदा सोडत नव्हता. जुलै २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडलं. त्यांच्यापैकी आरिफ जाफर यांनी दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढला. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला आव्हान दिलं. आठ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे आपल्या सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर. प्रौढांच्या संमतीने खासगीत होणारे संबंध गुन्हा नाहीत, असं त्यांनी म्हटलं. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये ‘लिंग’ या कारणावरून भेदभाव करायला मनाई आहे, त्यात लैंगिक कलही येतो, असंही त्यांनी सांगितलं. त्या दिवशी वाकोल्यात आणि मुंबईभर आनंद झाला. तोवर मुंबईत अभिमान पदयात्राही सुरू झाली होती, पहिली क्विअर आझादी यात्रा १६ ऑगस्ट २००८ ला निघाली होती.

आणि त्या निकालानंतर सात महिन्यांनी अलीगढचं प्रकरण घडलं.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. जन्म १९४८ चा, शिक्षण नागपूर विद्यापीठात. १९८८ पासून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होते. ज्या शहरात मराठी कानावर पडत नाही तिथे त्यांनी दोन दशकं ही भाषा शिकवली आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. निवृत्तीला काही महिने उरले होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसं कॅमेरे घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या निवासस्थानात शिरली आणि एका रिक्षाचालकासोबत असताना त्यांचं चित्रण केलं. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने त्यांना गैरवर्तनाच्या आरोपाखाली निलंबित केलं. राहतं घरही सोडायला सांगितलं.

इथे थांबून बघायला हवं. कायद्याने त्यांनी गुन्हा केला नव्हता. दिल्लीचा निकाल लागलेला होता, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन गेला होता. घरात घुसखोरी झाली ती त्यांच्या. तरी निलंबनाचा कागद निघाला त्यांच्या नावाने. फौजदारी कायद्याने दिलेली सुटका आणि नोकरीतलं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात किती अंतर आहे ते या एका मराठी प्राध्यापकाच्या बाबतीत सगळ्या देशाला दिसलं. पोलीस पकडणार नाहीत एवढंच ठरलं होतं. मालकाने, संस्थाचालकाने, विभागप्रमुखाने काय करू नये, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

सिरस लढले. चळवळीतले जाणते वकील आनंद ग्रोव्हर त्यांच्यासाठी उभे राहिले. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्या अंतरिम आदेशातला विचार आजही मोलाचा आहे: माणसाच्या खासगी वागण्याचा त्याच्या नोकरीशी ठोस संबंध नसेल, तर तो शिक्षक असला तरी त्याला सकृद्दर्शनी गैरवर्तन म्हणता येत नाही. आदेशानंतर सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, अलीगढमधल्या भाड्याच्या घरात सिरस मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी काही जणांवर गुन्हा नोंदवला, पण पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही. पुढे हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ चित्रपटामुळे ही हकिकत घराघरांत गेली. मला मात्र वाटतं, नागपूरच्या विद्यापीठात, विदर्भातल्या मराठी विभागांत सिरसांचं नाव जेवढं घेतलं जायला हवं होतं, तेवढं घेतलं गेलं नाही. ते आपले होते. आपल्या भाषेचे शिक्षक होते.

त्यानंतरचा काळ घसरणीचा. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा लागू झालं. चार-साडेचार वर्षांत ज्यांनी कार्यालयात, घरी तोंड उघडलं होतं, त्यांना बोललेलं परत घेता येणार नव्हतं. पुढच्याच एप्रिलमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) प्रकरणातल्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख आणि हक्क मान्य केले. म्हणजे एकाच न्यायालयाने चार महिन्यांच्या अंतराने एकाला दार बंद केलं आणि दुसऱ्याला उघडलं. हमसफरसारख्या संस्थेत हे दोन्ही समूह एकाच छताखाली काम करत होते.

२०१८ मध्ये कलम ३७७ वर पुन्हा सुनावणी झाली तेव्हा अशोक राव कवी स्वतः याचिकाकर्ता म्हणून उभे होते आणि लखनौचे आरिफ जाफरही होते. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग रद्द केला. लैंगिक कलावरून भेदभाव म्हणजे लिंगावरून भेदभाव, हे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विस्ताराने मांडलं. त्याचा नोकरीवर थेट परिणाम काय, ते २ फेब्रुवारी २०२१ ला अलाहाबादेतच दिसलं. जोडीदारासोबतचा व्हिडिओ पसरला म्हणून उत्तर प्रदेशात एका होमगार्डला काढून टाकलं होतं. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून त्याला परत घ्यायला लावलं. सिरसांना जे जिवंतपणी पूर्ण मिळालं नाही, ते अकरा वर्षांनी त्याच न्यायालयात एका साध्या होमगार्डला मिळालं.

संस्थेच्या कामाचा रोख या काळात बदलला. दवाखान्याइतकाच कामाच्या जागेचा विषय पुढे आला. कंपन्यांमध्ये जाऊन व्यवस्थापकांशी बोलणं, कर्मचाऱ्यांसाठी सत्रं घेणं, नोकरी शोधणाऱ्या तृतीयपंथी तरुणांची तयारी करून घेणं. मुंबईचं वातावरणही अनुकूल होत होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने उद्योगांसाठी आखलेली आचारमानकं मुंबईत जाहीर झाली. विक्रोळीच्या गोदरेज इंडिया कल्चर लॅबमधून परमेश शहाणी यांनी तृतीयपंथीयांना नोकरीत सामावून घेण्याचा जाहीरनामा काढला. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही सवलती लागू केल्या. हे काम चांगलं आहे आणि त्यामागे लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण हे धोरण आहे, हक्क नाही. कंपनी बदलली, मालक बदलला, की ते जाऊ शकतं.

आता फुलचूरकडे वळू. इथला माणूस कुठे कामाला असतो? गोंदियाच्या राईस मिलमध्ये, तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, बाजारातल्या दुकानात, पतसंस्थेत, बँकेच्या शाखेत, तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कंत्राटदाराच्या हाताखाली, खाजगी अनुदानित शाळेत, जिल्हा परिषदेत. यातल्या प्रत्येकाला कायदा वेगळा भेटतो, आणि माझा सगळा आक्षेप इथेच आहे.

सरकारी नोकरीत असलेल्याच्या पाठीशी राज्यघटनेची कलमं १४, १५ आणि १६ उभी आहेत. अधिकाऱ्याने त्याला समलिंगी आहे म्हणून काढलं, तर तो नागपूर खंडपीठात जाऊ शकतो आणि २०१८ चा निकाल त्याच्या हातात असतो. तृतीयपंथी व्यक्तीला तर खाजगी मालकाविरुद्धही कायदा आहे. २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे कोणत्याही आस्थापनेला भरती, बढती, कशातही भेदभाव करता येत नाही. कलम ११ प्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि २०२० च्या नियमांनी समान संधी धोरणही बंधनकारक केलं. हे कागदावरचं प्रत्यक्षात यायला मात्र लढावं लागतं. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना असावा यासाठी आर्या पुजारी आणि दुसऱ्या एका उमेदवाराला प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं लागलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला खडसावल्यावरच नियम करायचं मान्य झालं. जेन कौशिक या तृतीयपंथी शिक्षिकेला दोन शाळांनी नाकारलं, त्या प्रकरणात १७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली आणि समान संधी धोरण सुचवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

पण राईस मिलमधला किंवा दुकानातला समलिंगी कामगार यातल्या कशातच बसत नाही. तो तृतीयपंथी नाही, मालक सरकार नाही. त्याच्यासाठी एकही कायदा ‘लैंगिक कलावरून कामावरून काढू नये’ असं म्हणत नाही. हे शब्द आपल्या कायद्यात नाहीत असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ घातला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार द्यायचे, असं लिहिलं आहे. म्हणजे गोंदियाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला संरक्षण आहे, दवाखान्यातल्या रुग्णाला आहे. पदवी घेऊन तो खाजगी नोकरीला लागला की ते संपतं. वेतन संहितेने मजुरीत लिंगावरून भेद करायला मनाई केली, पण लैंगिक कलाचा उल्लेख तिथेही नाही.

शब्द एकदा नेमके लिहिले गेले की काय होतं, ते इतर देशांत दिसतं. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेतच लैंगिक कल लिहिला. ब्रिटनने २००३ मध्ये नोकरीपुरते खास नियम केले. अमेरिकेत १५ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बोस्टॉक प्रकरणात १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कल आणि लिंगभावाची ओळख धरली आणि तो अर्थ खाजगी मालकालाही बांधून गेला. आपल्याकडे शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेल्या भेदभावविरोधी खाजगी विधेयकात हे शब्द होते. ते विधेयक पुढे सरकलं नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त काळजी मला शाळांची वाटते. गावातली मानाची नोकरी शिक्षकाची, आणि ‘नैतिक अधःपतन’ हा आरोप शाळेच्या सेवाशर्तींत लिहिलेला आहे. त्याचा अर्थ कोण लावणार? संस्थाचालक. सिरसांवर वापरलेलं ‘गैरवर्तन’ आणि हा शब्द सख्खे आहेत. अलाहाबादच्या त्या अंतरिम आदेशातला ‘नोकरीशी ठोस संबंध’ हा निकष महाराष्ट्राच्या खाजगी शाळा नियमावलीत एका ओळीने घालता येईल. त्यासाठी संसदेची वाट बघायला नको.

हमसफरचं वाकोल्याचं कार्यालय आम्हाला लांब आहे. नागपूर जवळ आहे, रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तिथे सारथी ट्रस्ट अनेक वर्षं समूहासोबत काम करते, अभिमान यात्रा निघते, आणि २०१८ मध्ये तिथल्या लोकअदालतीच्या पॅनलवर विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीने बसून तंटे ऐकले. पूर्व विदर्भात हे घडलं आहे, म्हणून ही अपेक्षा हवेतली नाही.

आज, आत्ता, फुलचूरच्या एखाद्या मुलाला कामावरून काढलं तर काय करता येईल? तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं तर लेखी आदेश मागावा. हजेरीची, पगाराची नोंद आणि आलेले मेसेज जपून ठेवावेत. खाजगी शाळेत असेल तर १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करावं. मुदत चुकली तर उशिराचं कारण सिद्ध करत बसावं लागतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे औद्योगिक कामगाराला, स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कोणालाही मोफत वकील मिळतो. दाद मागायला आपला लैंगिक कल जगजाहीर करावा लागत नाही. चौकशीशिवाय का काढलं, नोटीस का दिली नाही, एवढ्या प्रश्नांवरही खटला उभा राहतो, आणि बरेचदा त्या प्रश्नांना मालकाकडे उत्तर नसतं.